सुधाकराला वाचवायचे का? बडोद्यातील एका लघुपटाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये प्रथम रंगभूमीवर आणले, ते बडोद्यात. गडकरी त्याच्या महिनाभर आधी, २३ जानेवारीला, सावनेर येथे वारले होते, त्यामुळे आपल्या सर्वांत गाजलेल्या शोकांतिकेचा एकही प्रयोग त्यांना पाहता आला नाही. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांच्याविषयी बडोद्यातील जुन्या मराठी घरांत आजही बोलले जाते, आणि बोलणाऱ्यांपैकी कोणीही तो प्रयोग पाहिलेला नसला तरी सिंधूच्या ठिगळाच्या लुगड्याचे वर्णन प्रत्येकाकडे असते.

या नाटकाला शंभर वर्षे पूर्ण होत असताना शहरातील एका हौशी नाट्यगटाने त्याच्या उत्तरार्धावर लघुपट करायचे ठरवले. २०१८ च्या पावसाळ्यात झालेल्या बैठकीला आम्ही अकरा जण होतो. मी गटाची कार्यवाह असल्याने पत्रव्यवहार, हिशेब आणि बैठकींची टिपणे माझ्याकडे होती, आणि हे लेखन त्या टिपणांवरच आधारलेले आहे. गटाचे आणि व्यक्तींचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

दिग्दर्शन करणारा तरुण चित्रपट संकलनाचे काम करीत असे. सुधाकराची भूमिका बँकेतून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ नटाकडे होती. तरुणपणी राज्य नाट्यस्पर्धेत त्यांनी हीच भूमिका केली होती आणि सारे त्यांना काका म्हणत. सिंधू करणारी मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकत होती. तिचे शालेय शिक्षण गुजराती माध्यमातून झाल्याने गडकऱ्यांची लांब, अलंकारांनी भरलेली वाक्ये तिला पाठ करावी लागली, आणि कदाचित त्यामुळेच तिने प्रत्येक वाक्याचा अर्थ आम्हा सर्वांपेक्षा अधिक कसून विचारला.

खर्चाचा मोठा भाग एक व्यावसायिक गृहस्थ देणार होते. त्यांचा धाकटा भाऊ दारूमुळे गेला होता आणि तेव्हापासून ते व्यसनमुक्तीच्या कामाला नियमित मदत करीत. त्यांच्या तळमळीविषयी तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

प्रश्न

पटकथेचा पहिला खर्डा मूळ नाटकाच्या शेवटाशी प्रामाणिक होता. दारूने सर्वस्व गमावलेल्या सुधाकराच्या हातून नशेत तान्हे मूल जाते, सिंधूवर जीवघेणा घाव बसतो, मरताना ती नवऱ्यावर आळ येऊ न देता फौजदारापुढे खोटी जबानी देते, आणि सुधाकर विष कालवलेला शेवटचा प्याला घेतो. वाचन संपल्यावर देणगीदार बराच वेळ गप्प बसले. मग ते म्हणाले, “काका, माझ्या भावानं हे बघितलं असतं तर त्याला काय वाटलं असतं? की आता मरण हाच मार्ग उरला. सुधाकर वाचला पाहिजे. तो उपचाराला जाताना दाखवा.”

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूने, तितक्याच कळकळीने, दुसरी मागणी आली. गटाशी जोडलेल्या वाचक मंडळातील तीन स्त्रियांनी खर्डा वाचून लेखी कळवले की, सुधाकर मेला काय आणि जगला काय, मुख्य अडचण सिंधूच्या खोट्या जबानीची आहे. मारहाण झालेल्या बाईने मरतानाही नवऱ्याला सांभाळावे आणि कॅमेऱ्याने त्या क्षणाला पावित्र्य द्यावे, हे त्यांना मान्य नव्हते. सिंधूने खरे सांगितले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

काकांना दोन्ही मागण्या अमान्य होत्या. “शेवट काढला तर गडकरी काढला,” एवढेच ते म्हणत, आणि त्यांच्या आवाजातला दुखावलेपणा लपत नसे. दिग्दर्शक मात्र गोंधळला होता, आणि त्याने तसे स्पष्ट सांगितले, ही त्या बैठकीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. नाटकाच्या शोकान्ताला चित्रपटात हात लावणारे आपण पहिले नाही, तेव्हा इतरांनी काय केले ते पाहून मग भांडू, असे त्याने सुचवले. दांडिया बाजारातील एका सदस्याच्या घरी सलग पाच रविवार आम्ही चित्रपट पाहिले.

चित्रपटांतून काय दिसले

सुरुवातीला आमची समजूत अशी होती की शेवट बदलणे हा चित्रपटाचा, म्हणजे तिकीटबारीचा, दोष आहे. ती समजूत पहिल्याच रविवारी मोडली, कारण दिग्दर्शकाने प्रारंभ नाटकापासूनच केला. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ला नेहम टेट याने १६८१ मध्ये सुखान्त केले. त्यात लिअर जगतो, कॉर्डेलिया जगते, तिचे एडगरशी लग्न ठरते आणि विदूषक तर नाटकातून नाहीसाच होतो. लंडनच्या रंगभूमीवर दीड शतकाहून अधिक काळ लोकांनी प्रामुख्याने हाच लिअर पाहिला. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटाने विदूषकासह मूळ नाटक परत आणले. प्रेक्षकाला शेवट सोसत नाही ही तक्रार चित्रपटाच्या जन्मापूर्वीची आहे.

त्याच लिअरवरून अकिरा कुरोसावा यांनी १९८५ मध्ये ‘रान’ केला. मुलींऐवजी तीन मुलगे, आणि शेवटी बापलेकांची भेट झाल्यावर, दोघे घोड्यावरून जात असताना, धाकट्याला गोळी लागते आणि म्हातारा त्या दुःखाने मरतो. इथवर नाटकाशी फारसा दुरावा नाही. खरा फरक अगदी शेवटच्या दृश्यात आहे: उद्ध्वस्त गडाच्या कड्यावर एक आंधळा तरुण एकटा उभा राहतो आणि त्याच्या हातातील बुद्धाचे चित्र खाली पडते. त्याचे डोळे याच म्हाताऱ्या राजाने कधीकाळी काढलेले असतात. शेक्सपिअरचा लिअर आपल्यापुढे येतो तो भूतकाळाशिवाय; कुरोसावांनी आपल्या राजाला रक्तपाताचा भूतकाळ दिला, आणि म्हणून त्यांना वेगळा शेवट करता आला. हे लक्षात आल्यावर पुढचे सगळे चित्रपट आम्ही वेगळ्या नजरेने पाहिले.

‘हॅम्लेट’चे तीन शेवट आम्ही लागोपाठ पाहिले. नाटकात सगळे मेल्यावर नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास येतो, प्रेते पाहतो, हॅम्लेटला सैनिकाचा मान देतो आणि राज्य घेतो. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४८ च्या चित्रपटात हे पात्रच नाही. त्याची शेवटची आज्ञा हॅम्लेटचा मित्र होरेशियो याच्या तोंडी जाते आणि प्रेत बुरुजावर नेले जाते, त्यामुळे सारे एका माणसाच्या दुःखाशी थांबते. केनेथ ब्रॅना यांच्या १९९६ च्या चित्रपटात फोर्टिनब्रासचे सैन्य राजवाड्यात घुसते आणि मृत राजाचा पुतळा फोडला जातो, म्हणजे शेवट एका राजवटीचा होतो. विशाल भारद्वाज यांच्या ‘हैदर’मध्ये, २०१४ साली, आई अंगावर बांधलेल्या स्फोटकांनी स्वतःला संपवते, काका पाय गमावून मरणाची भीक मागतो आणि हैदर त्याला न मारता निघून जातो. नाटकाच्या गाभ्यालाच हात घालणारा हा बदल आहे, पण सूडातून सूडच जन्मतो ही गोष्ट म्हाताऱ्या आजोबांच्या तोंडून चित्रपटात फार आधी आलेली असते. हैदरचे ते पाऊल आपल्याला पटते ते त्या आधीच्या दृश्यामुळे.

‘ऑथेल्लो’वर बेतलेल्या ‘ओंकारा’च्या वेळी वाचक मंडळातील स्त्रिया विशेष लक्ष देऊन पाहत होत्या. ‘ऑथेल्लो’त इयागो आपल्या बायकोला, एमिलियाला, भोसकतो आणि स्वतः जिवंत राहतो, यापुढे एक शब्दही बोलणार नाही असे म्हणून तो नाटकातून जणू निसटतो. २००६ च्या या चित्रपटात एमिलियाच्या जागची इंदू आपल्या नवऱ्याला कोयत्याने मारते. ज्या कमरपट्ट्यावरून ओंकाराचा बायकोवरचा संशय पक्का होतो, तो इंदूनेच उचललेला असतो. त्या मंडळातील एक काकू म्हणाल्या, “तिच्या हातून कमरपट्टा गेलेला असतो, ते ओझं तिच्यावर आहे. म्हणून तो कोयता तिला शोभतो.” आमच्या सिंधूपाशी असे काय आहे, असा प्रश्न त्याच ओघात त्यांनी स्वतःलाच विचारला. आपल्याच मागणीची अशी परीक्षा घेणारी माणसे गटात होती म्हणून हे काम पुढे जाऊ शकले.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’वर. टेनेसी विल्यम्स यांच्या १९४७ च्या या नाटकात ब्लांचवर तिच्या बहिणीचा नवरा स्टॅन्ली बलात्कार करतो आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात नेले जात असताना तिची बहीण स्टेला रडत त्याच स्टॅन्लीच्या कुशीत राहते. अमेरिकेत तेव्हा चित्रपटांना निर्मिती संहितेची मान्यता घ्यावी लागे आणि गुन्हेगाराला शिक्षा झाली पाहिजे असा तिचा आग्रह असे. त्यामुळे एलिया कझान यांच्या १९५१ च्या चित्रपटात स्टेला बाळाला घेऊन वरच्या मजल्यावरील शेजारणीकडे जाते आणि आता परत जाणार नाही, असे बाळाला सांगते. संहितेचे समाधान झाले. पण याच कथेत ती आधी एकदा मार खाऊन त्याच जिन्याने वर गेलेली असते आणि नवऱ्याने खालून हाक मारताच परत उतरलेली असते. सिंधू करणारी मुलगी म्हणाली, “जिना तोच आहे. मग या वेळी ती उतरणार नाही, हे आपण कशावरून मानायचं?” तो संहितेने लादलेला शेवट आहे हे ठाऊक नसलेल्या माणसालाही तिथे काहीतरी चिकटवल्यासारखे जाणवते, कारण मागचे काहीच बदललेले नाही.

‘मॅक्बेथ’वरचे दोन चित्रपट आम्ही घाईने पाहिले, पण त्यांनी एक उपयोगी गोष्ट दाखवली. नाटकात मारल्या गेलेल्या राजाच्या मुलाला, माल्कमला, राज्य मिळते आणि घडी पुन्हा बसते. पोलान्स्की यांच्या १९७१ च्या चित्रपटात त्यानंतर माल्कमचा धाकटा भाऊ त्याच चेटकिणींकडे जाताना दिसतो. कुरोसावांच्या १९५७ च्या रूपांतरात नायकाला त्याचेच सैनिक बाणांनी मारतात, कोणी नवा राजा येत नाही, आणि चित्रपट सुरू झाला तसाच धुक्यात आणि समूहगायनात संपतो. नायक दोन्हीकडे मरतोच. बदलते ते त्याच्या मरणानंतर उरलेले माणूस. कोण मागे राहते आणि आपण कोणाच्या डोळ्यांनी ते मरण पाहतो, ही जागा नाटकाने एखाद्या सरदाराला किंवा राजपुत्राला दिलेली असते. चित्रपटात तेथे शेवटची चौकट येते, आणि रूपांतर करणाऱ्याला सर्वाधिक मोकळीक तिथेच असते, असे मला वाटते.

विचारात घेतलेले पर्याय

पाच रविवारांनंतर चार पर्याय टिपणात नोंदवले गेले. पहिला काकांचा: जे आहे ते तसेच. त्याच्या बाजूने शताब्दीचा प्रसंग होता, आणि मूळ शेवटाची ताकदही. त्याच्या विरोधात व्यसनमुक्ती केंद्रातील एका समुपदेशक बाईंनी दिलेला सल्ला होता. आत्महत्येची कृती बारकाईने दाखवणे आणि तिला प्रायश्चित्ताचे तेज देणे हे सावरू पाहणाऱ्या माणसासाठी धोक्याचे ठरू शकते, असे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. देणगीदारांची काळजी अवाजवी नव्हती, हे तेव्हा काकांनीही मान्य केले.

दुसरा पर्याय सुधाकर वाचण्याचा. तो कागदावर लिहून पाहिला तेव्हा वाचनाला सगळे गहिवरले. अडचण सापडली ती दोन दिवसांनी, आणि ती दिग्दर्शकाने फोनवर एका वाक्यात सांगितली: “मूल मेलेलं आहे.” उपचाराला निघालेला सुधाकर आपल्याच तान्ह्या मुलाच्या मरणावरून चालत जातो आणि पटकथेत त्या मुलाचा कोणीही उल्लेख करीत नाही. मूल वाचवायचे तर आधीचा प्रवेश बदलावा लागतो, तो बदलला तर सिंधूचा मृत्यू बदलतो, आणि मग दारूने घर कसे जाते हे सांगणारे नाटकच उरत नाही. टेटच्या लिअरचे झाले तेच इथे झाले असते.

तिसरा, सिंधूने खरे सांगण्याचा. याबाबत एक गोष्ट आम्हाला बाहेरून कळली, आणि ती बडोद्यातच कळू शकली असती. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. परवान्याशिवाय पिणे हाच गुन्हा आहे. समुपदेशक बाईंनी सांगितले की इथल्या कितीतरी घरांत बायको डॉक्टरलाही नवरा पितो हे सांगत नाही, कारण मार आणि दारू यांतले एक सांगितले की दुसरे आपोआप सांगितले जाते आणि पोलीस दारात येतात. १९१९ च्या बडोद्यातील प्रेक्षकांना सिंधूची जबानी पातिव्रत्याची पराकाष्ठा वाटली असेल, पण आजच्या बडोद्यात तीच जबानी रोजच्या व्यवहारातली आहे. हे ऐकल्यावर वाचक मंडळातील स्त्रियांनी स्वतःच आपली मागणी मागे घेतली. “तिला खरं बोलायला लावलं तर आपण आपल्या समाधानासाठी लावू,” असे त्यांपैकी एकीने लिहिले.

चौथा पर्याय यातूनच निघाला: घटना आणि शब्द गडकऱ्यांचे ठेवायचे, पण त्या वेळी कॅमेरा कोणाकडे पाहतो ते आपण ठरवायचे.

निर्णय आणि चित्रीकरण

चौथ्या पर्यायाच्या बाजूने नऊ आणि विरुद्ध दोन मते पडली. त्यानुसार जबानीच्या वेळी कॅमेरा सिंधूच्या चेहऱ्यावरून हलवून फौजदाराच्या लेखणीवर ठेवला. ती पडल्याचे सांगते, लेखणी थांबते, तो तिच्या जखमेकडे, मग खोलीतल्या माणसांकडे पाहतो, कोणीच काही बोलत नाही, आणि लेखणी पुन्हा चालू लागते. खोटे एकटी सिंधू बोलत नाही, ते सगळी खोली मान्य करते, एवढेच आम्हाला दाखवायचे होते.

सुधाकराने विष कालवणे आणि पिणे दाखवले नाही. शेवटची चौकट त्याच्या विधवा बहिणीला, शरदला, दिली. सगळे गेल्यावर ती खोली आवरते, तिच्या हाती तो प्याला येतो, आणि तो घासून ठेवायचा की फेकून द्यायचा हे तिला ठरवता येत नाही. ती प्याला धरून उभी असतानाच चित्रपट संपतो.

हा शेवट चिकटवलेला वाटू नये म्हणून आधीच्या दोन प्रवेशांत शरदला आणावे लागले: एकदा ती भाऊ घरी येण्याच्या चाहुलीने भांडी उचलून ठेवते, आणि एकदा सिंधू दळायला बसली असताना न बोलता जात्याचा खुंटा धरते. चित्रपट पाहताना जे शिकलो ते इथे उपयोगी पडले. लांबी मात्र वाढू लागली. ती चाळीस मिनिटांच्या आत ठेवण्यासाठी पदे आणि सुधाकराला दारूची वाट दाखवणाऱ्या तळीरामाचे जवळजवळ सगळे प्रवेश काढले. पदे काढताना काकांच्या डोळ्यांत पाणी आले. तळीराम काढताना कोणालाच फारसे वाटले नाही, आणि तीच चूक ठरली.

दुसरी चूक माझी. निर्णय देणगीदारांना कळवला तेव्हा ते नाराज झाले, तरी पैसे परत मागितले नाहीत, फक्त म्हणाले, “पर्याय म्हणून सुधाकर वाचतो तेही चित्रित करून ठेवा, नंतर बघू.” त्यांच्या भावाचे दुःख मला ठाऊक होते, नकार देणे जिवावर आले, आणि मी हो म्हटले. त्या दृश्याचा उपयोग कोण, कधी, कशासाठी करील याविषयी एक ओळही लिहून घेतली नाही. एका जुन्या वाड्यात सहा दिवस चित्रीकरण झाले आणि सातव्या दिवशी तो दुसरा शेवट चित्रित झाला. काकांनी तो मन लावून केला. ते चांगले नट आहेत, त्यांना अर्धवट काम करता येत नाही.

परिणाम

फेब्रुवारी २०१९ मधील पहिल्या खेळाला सभागृह भरले होते. जबानीच्या दृश्यात पूर्ण शांतता होती. संपल्यावर टाळ्या लगेच पडल्या नाहीत, आणि काही ज्येष्ठ प्रेक्षक ‘हे आमचे एकच प्याला नव्हे’ असे म्हणून उठून गेले. त्यांची मुख्य तक्रार पदांची असेल असे आम्ही धरून चाललो होतो. पण त्यांच्यापैकी एका आजोबांनी दारात थांबून वेगळेच विचारले: “तळीराम कुठं गेला? सुधाकर एकटाच बिघडला का?” तो प्रश्न आम्हा सर्वांच्या मनात घर करून राहिला. गडकऱ्यांच्या नाटकात सुधाकराच्या हाती पहिला प्याला देणारा आहे, पिण्याला प्रतिष्ठा देणारे आर्य मदिरा मंडळ आहे. शेवटाकडे जाण्याच्या घाईत आम्ही कारणच कापले होते, आणि त्यामुळे आमचा सुधाकर केवळ दुबळ्या मनाचा माणूस दिसत होता. शेवटाला हात न लावताही शेवट बदलतो, हे आम्ही दुसऱ्यांच्या चित्रपटांत पाहिले होते आणि स्वतःच्या चित्रपटात आम्हाला दिसले नव्हते.

दोन महिन्यांनी कळले की देणगीदारांनी दुसरा शेवट जोडून चित्रपट आपल्या परिचितांच्या एका मेळाव्यात दाखवला. गटाची परवानगी घेतलेली नव्हती. काकांना हे नातेवाइकाकडून समजले आणि त्यांनी आठवडाभर कोणाचा फोन घेतला नाही. त्या मेळाव्यात टाळ्या भरपूर पडल्या, हेही इथे नोंदवले पाहिजे. मात्र तेथे हजर असलेल्या समुपदेशक बाईंनी सांगितले की चर्चेच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी उभे राहून फक्त एवढेच विचारले, “ने छोकरानुं शुं?” आणि मुलाचे काय, या प्रश्नाला व्यासपीठावर कोणाकडेही उत्तर नव्हते.

देणगीदार त्यानंतर स्वतःहून काकांच्या घरी गेले. तिथे काय बोलणे झाले ते दोघांनीही सांगितलेले नाही. दुसरा शेवट त्यांनी पुन्हा दाखवला नाही, आणि व्यसनमुक्ती केंद्रात आमचा मूळ लघुपट समुपदेशक बाईंच्या उपस्थितीत, पुढे तासभर बोलणे होईल अशी व्यवस्था करून, तीन वेळा दाखवला गेला. तिथे रुग्णांपेक्षा त्यांच्या घरच्या बायका अधिक बोलल्या, आणि बहुतेक फौजदाराच्या थांबलेल्या लेखणीविषयी बोलल्या.

पुन्हा करायचे झाल्यास

पैशाचा विषय पटकथेच्या आधी, लेखी आणि स्पष्ट झाला पाहिजे होता: आशयावर कोणाचा किती अधिकार, चित्रित झालेले पण न वापरलेले दृश्य कोणाच्या ताब्यात, आणि ते नष्ट कधी करायचे. दुःखी माणसाला नकार देणे कठीण असते, पण मी तो दिला असता तर काकांचा तो आठवडा वाचला असता आणि देणगीदारांनाही त्या मेळाव्यात निरुत्तर व्हावे लागले नसते.

समुपदेशक बाई आमच्याकडे तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी आल्या. त्या पहिल्या वाचनाला असत्या तर दोन मागण्यांमधला तो महिनाभराचा ताण टळला असता, कारण दोन्हीकडच्या भीतीमागचे वास्तव त्यांनाच ठाऊक होते.

कलेच्या बाजूने पाहता, आम्ही शेवटाचा विचार शेवटापासून सुरू केला. कुरोसावांनी राजाला भूतकाळ दिला, ‘हैदर’मध्ये आजोबांचे बोलणे आधी आले, ‘नटसम्राट’च्या २०१६ मधील चित्रपटातही मूळ नाटकात नसलेला रामभाऊ हा मित्र आणून त्याच्या मरणाने अप्पांच्या मरणाची वाट आधीच तयार केलेली आहे. आम्ही शरदपुरते हे केले, आणि तळीरामाच्या बाबतीत नेमके उलटे वागलो. पदे गाळण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. काकांना वाटत नाही, आणि त्यावर आमचे एकमत होण्याची शक्यता नाही.

गटाने आता पूर्ण लांबीच्या रूपांतराचा मसुदा हाती घेतला आहे. त्यात तळीराम त्याच्या मंडळासह परत आला आहे. सर्वांत मोठा बदल मात्र सिंधू करणाऱ्या मुलीच्या सूचनेवरून झाला. तिचे म्हणणे होते की आमच्या लघुपटात मूल फक्त रडण्याच्या आवाजापुरते होते, आम्ही त्याला एकदाही दाखवले नव्हते, आणि म्हणूनच त्याला विसरून सुधाकराला वाचवण्याचा विचार आम्हाला करता आला. नव्या मसुद्यात ते मूल दिसू लागल्यापासूनच्या प्रत्येक प्रवेशात कोणाच्या ना कोणाच्या कडेवर आहे, आणि बहुतेक वेळा ती कड शरदची आहे.